लेझरने नंबर जाईल, पण तिरळेपणाचं काय?

आमच्या घरातली गोष्ट आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. भाची तेवीस वर्षांची, बेळगावातच बी.कॉम. झालेली, सध्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर. डोळ्यांना प्लस साडेतीनचा चष्मा, तोही पाचव्या वर्षापासून. बालवाडीच्या ग्रुप फोटोत ती बिनचष्म्याची उभी आहे आणि तिचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला स्पष्ट दिसतो. पुढे चष्मा लागला, डोळे सरळ झाले आणि घरातले सगळे ते विसरून गेले. यंदा स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा कुणीतरी विषय काढलाच, "चष्मा काढून टाका की! आता लेझरनं दहा मिनिटांत होतंय."

शेजारच्या शहरातल्या एका केंद्रात दाखवलं. मशिनवर नंबर काढला, बुबुळाचा नकाशा काढला, "जाडी चांगली आहे, करता येईल" म्हणाले आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. आगाऊ रक्कमही भरली. लहानपणी डोळा तिरळा होता का, हे तिथं कुणी विचारलं नाही आणि आमच्यापैकी कुणी सांगितलंही नाही. सांगायला कुणाला आवडतं? मुलीचं लग्न ठरायच्या वेळी तर नाहीच नाही.

ती तारीख टळली ती निव्वळ योगायोगाने. बहीण स्वतःचे डोळे दाखवायला जुन्या डॉक्टरांकडे गेली होती, बोलता बोलता लेझरचा विषय निघाला. डॉक्टर म्हणाले, "आधी तिला माझ्याकडे घेऊन या. तो जुना फोटोही आणा." त्यांनी डोळ्यांत थेंब घालून पुन्हा नंबर काढला. साडेतीनचा नंबर पाच निघाला.

हा दीड नंबर इतकी वर्षं कुठे लपला होता आणि तो तसाच ठेवून लेझर केलं असतं तर काय झालं असतं, हे नीट समजलं की या विषयातली निम्मी गुंतागुंत सुटते. म्हणून जरा सविस्तर.

लेझर काम करतं कुठे?

डोळ्याच्या अगदी पुढचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. आपण बोलताना सरसकट बुबुळ म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० ते ५५० मायक्रॉन. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त वळण इथेच मिळतं. लेझरने या कॉर्नियाचा आकार बदलतात. मायनस नंबर असेल तर मध्यभाग थोडा सपाट करतात. प्लस असेल तर कडेने गोलाकार पट्टा घासून मध्यभाग उंच करतात. लॅसिकमध्ये वरचा साधारण १०० मायक्रॉनचा पापुद्रा उचलून खाली काम करतात आणि पापुद्रा परत बसवतात. पीआरकेमध्ये पापुद्रा न करता वरूनच काम होतं. स्माईलमध्ये आतल्या आत एक चकती कापून छोट्या फटीतून बाहेर काढतात. एका नंबरला ढोबळमानाने पंधरा मायक्रॉनच्या आसपास जाडी खर्ची पडते, म्हणून "जाडी किती आहे" हा प्रश्न पहिला येतो.

या कामाला वापरतात त्या एक्सायमर लेझरने आजूबाजूचं न जाळता जिवंत ऊती कापता येते, हे पहिल्यांदा दाखवलं ते मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी, १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत. प्रयोगाला घेतलं होतं आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातून उरलेलं टर्कीचं हाड! तिथून डोळ्यापर्यंतचा प्रवास फार लवकर झाला.

मुद्दा एवढाच, की लेझर कॉर्नियाला हात लावतं आणि तिथेच थांबतं. डोळा हलवणारे स्नायू, त्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा, दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळवून एक करणारा मेंदू, यातल्या कशालाही ते शिवत नाही. आणि तिरळेपणा राहतो तो नेमका तिथे.

तिरळा, भेंगा, मेळ्ळगण्णू

प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात. बारा स्नायूंनी मिळून दोन्ही डोळे एकाच वस्तूवर रोखून धरायचे, तेही चालता, वाचता, गाडी चालवताना. ही जुळणी बिघडली की एक डोळा आत, बाहेर, वर किंवा खाली जातो. काहींचा कायम जातो. काहींचा फक्त दमल्यावर, उन्हात किंवा ताप आल्यावर. आणि कितीतरी लोकांचा अजिबात दिसत नाही, कारण मेंदू सतत जोर लावून तो ओढून धरतो. एक डोळा झाकला की मात्र झाकलेला डोळा हळूच सरकतो. याला छुपा तिरळेपणा म्हणू. थोडासा छुपा तिरळेपणा अनेकांना असतो आणि त्रासही देत नाही. प्रश्न येतो तो ओढून धरायची ताकद संपत आलेली असते तेव्हा.

आपण सीमेवरची आणि सीमेपलीकडची माणसं, त्यामुळे एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो. दवाखान्यात घरातला शब्द चालेलच असं नाही. आमच्याकडे हुबळी-धारवाडच्या बाजूला गेलात तर 'मेळ्ळगण्णू' म्हणा, हैदराबादेत 'मेल्लकन्नु', इंदूर-ग्वाल्हेरला 'भेंगापन', बडोद्याला 'त्रांसी आंख'. डॉक्टरी कागदावर सगळीकडे 'स्क्विंट' किंवा 'स्ट्रॅबिस्मस' असं लिहिलेलं असतं. जुन्या फाइलमध्ये यातला एखादा शब्द सापडला तर तो कागद लेझरच्या डॉक्टरांपुढे सगळ्यात वर ठेवायचा. 'चकणा' हा शब्द मात्र घरातही वापरू नये. त्या एका शब्दापायी माणसं आयुष्यभर ही गोष्ट लपवतात आणि लपवल्यामुळेच पुढचे घोटाळे होतात.

चष्म्याचं दुसरं काम

चष्मा स्पष्ट दिसण्यासाठी, हे आपल्याला माहीत असतं. तिरळेपणा असलेल्या माणसाच्या नाकावरचा चष्मा मात्र अनेकदा दोन नोकऱ्या करत असतो. एक स्पष्ट दाखवण्याची, दुसरी डोळे सरळ ठेवण्याची. लेझर पहिल्या नोकरीतून चष्म्याला निवृत्त करतं. दुसरी कोण करणार, हे आधी ठरलेलं नसेल तर पंचाईत होते.

प्लस नंबरवाल्यांचं बघू. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं आणि त्याच वेळी दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. या दोन क्रिया जन्मतः एकमेकींना बांधलेल्या आहेत. आता प्लस तीन नंबरचं मूल चष्म्याशिवाय लांबचा फळा बघतं तेव्हा त्याला तेवढाच जोर लावावा लागतो, जेवढा बिननंबरच्या मुलाला ३३ सेंटीमीटरवरचं पुस्तक वाचायला लागतो. भिंग फुगतं, फळा स्पष्ट दिसतो, पण 'जवळ बघतोय' असा हुकूम गेल्यामुळे डोळाही आत वळतो. म्हणूनच कित्येक मुलांचा आत वळलेला डोळा नुसत्या चष्म्याने सरळ होतो, ऑपरेशन लागत नाही. भाचीचं हेच झालं होतं.

पण चष्म्याचा नंबर काढताना माणूस नकळत थोडा जोर लावतोच, विशेषतः तरुण वयात. म्हणून प्लसचा काही भाग लपून राहतो. भिंगाचा स्नायू थेंबांनी तात्पुरता सैल केला की खरा आकडा बाहेर येतो. भाचीच्या डोळ्यांत दीड नंबर असा लपलेला होता. संध्याकाळी डोकं दुखायचं त्याचं कारणही तेच निघालं. आम्ही आपले बाम चोळत होतो.

साडेतीन धरून लेझर केलं असतं तर दीड नंबरचा जोर रोज लावत राहावं लागलं असतं. वर प्लसच्या लेझरची खोड अशी, की मायनसच्या मानाने ते कमी पक्कं असतं. काही महिन्यांत काही भाग मागे येऊ शकतो. म्हणजे जोर आणखी वाढणार. आणि वय वाढेल तसं भिंग ताठ होत जातं, पस्तिशी-चाळिशीत जोर लावायची ताकद कमी होते. तिशीत डोळा पुन्हा आत जाऊ लागला असता तर परत चष्मा घालावा लागला असता, तोही लेझरचे पैसे आणि कॉर्निया दोन्ही खर्चून. अगदी मोठ्या प्लस नंबरला, तीन-चारच्या पुढे, बहुतेक सर्जन लेझरचा हात आखडता घेतात तो याचसाठी.

याचा अर्थ प्लस आणि आत जाणारा डोळा असेल तर लेझर कधीच करू नये असा नाही. नंबर मध्यम आहे, थेंब घालून काढलेला आणि चष्म्यातला आकडा जवळपास सारखा आहे, पूर्ण नंबरच्या चष्म्यात डोळे लांब-जवळ दोन्हीकडे सरळ राहतात, नंबर स्थिर आहे, अशा मोठ्या माणसांना लेझरनंतर चष्म्याशिवायही डोळे सरळ ठेवता आल्याची उदाहरणं आहेत. पण अटी एवढ्या आहेत, आणि त्या सगळ्या तपासाव्या लागतात.

मायनसवाल्यांची गोष्ट उलटी. त्यांच्यात बाहेर जाणारा डोळा जास्त त्रास देतो. स्पष्ट दिसलं की मेंदूला दोन चित्रं जुळवायला सोपं जातं, म्हणून बरोबर नंबरच्या चष्म्यात डोळा आवरलेला राहतो. लेझरने नंबर नीट गेला तर हाच फायदा चष्म्याशिवाय मिळतो. म्हणून थोडासा, आवरता येणारा बाहेरचा तिरळेपणा असलेल्या अनेक मायनसवाल्यांचं लेझर सुखरूप होतं. मात्र एक बारीक गोष्ट आहे. मायनसच्या चष्म्यातून वाचताना नजर काचेच्या नाकाकडच्या भागातून जाते आणि तिथे काच प्रिझमसारखी वागते, त्यामुळे डोळ्यांना आत वळायचे कष्ट थोडे कमी पडतात. चष्मा गेला की ही सवलतही गेली. जवळचं बघताना डोळे आत आणायची ताकद ज्यांची आधीच कमी आहे, त्यांना लेझरनंतर वाचताना ताण किंवा ओळी दुहेरी दिसणं सुरू होऊ शकतं.

काचेत लपलेलं प्रिझम

काही लोकांच्या चष्म्यात डॉक्टरांनी मुद्दाम प्रिझम घातलेलं असतं, दोन चित्रं एकावर एक आणायला. लेझरने कॉर्नियात प्रिझम कोरता येत नाही. त्यामुळे ज्याला प्रिझमशिवाय दुहेरी दिसतं, त्याला लेझरनंतरही प्रिझमचा चष्मा लागणारच. फक्त काच पातळ होईल. एवढ्यासाठी लेझर करायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत नाही असं आहे.

जास्त फसवं असतं ते कुणीच मुद्दाम न घातलेलं प्रिझम. चष्म्याच्या काचेचा मध्यबिंदू बाहुलीसमोर यायला हवा. तो सरकला तर प्रिझमचा परिणाम तयार होतो आणि त्याचं गणित सोपं आहे: सरकलेलं अंतर सेंटीमीटरमध्ये, गुणिले काचेचा नंबर. मायनस आठची काच ३ मिलिमीटरने बाहेर सरकलेली असेल तर ०.३ गुणिले ८ म्हणजे २.४, दोन्ही काचा मिळून ४.८ प्रिझम. मोठी फ्रेम, घाईत घेतलेलं माप, आणि वर्षानुवर्षं डोळ्यांना त्याचीच सवय! बाहेर जाणाऱ्या डोळ्याला हा नकळत मिळालेला टेकू असतो. लेझर झालं, टेकू काढला आणि महिन्याभरात समोरच्या दुचाकीचे दोन दिवे चार दिसायला लागले, असं होऊ शकतं. म्हणून तपासणीला जाताना चिठ्ठी पुरत नाही, रोज घालता तो चष्माच न्यायचा. नंबर मोजायच्या मशिनवर ठेवला की काचेचा मध्य कुठे आहे ते दोन मिनिटांत कळतं.

मेंदूने केलेली तडजोड

लहानपणी डोळा तिरळा झाला की मेंदूला दोन वेगळी चित्रं मिळतात. मुलाचा मेंदू लवचीक असतो, तो सरळ एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो. त्यामुळे अशा मुलांना दुहेरी दिसत नाही. मात्र टाकलेला डोळा पुढे मंद राहू शकतो. सात-आठ वर्षांच्या आत चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून मंद डोळ्याला कामाला लावलं तर तो बराच सुधारतो, नंतर अवघड होत जातं. (घरात लहान मूल तिरळं बघत असेल तर "मोठं झालं की जाईल", "तिरळं मूल नशीबवान असतं" असलं काही ऐकत बसू नका. याच आठवड्यात दाखवा.)

मोठेपणी लेझरला जाणाऱ्यांसाठी यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, मंद डोळ्याला लेझर दृष्टी देत नाही. चष्मा लावून त्या डोळ्याने जेवढं दिसतं, लेझरनंतर चष्म्याशिवाय फार तर तेवढंच दिसेल. चष्म्यातही तक्त्यावरच्या वरच्या दोन-तीन ओळीच दिसत असतील तर लेझरनंतरही त्याच दिसणार. आणि असा माणूस खरं तर एकाच डोळ्यावर जगत असतो. त्या एका चांगल्या डोळ्यावर, चष्म्याने उत्तम चालत असताना, शस्त्रक्रियेची जोखीम घ्यायची का? धोका थोडाच असतो, पण इथे राखीव डोळा नाही. उलट अशा माणसाने नंबर नसला तरी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा घालावा असं डॉक्टर सांगतात. ऊसतोडणी करणारे, वेल्डिंगवाले, दुचाकीवर फिरणारे यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. मेंदूने केलेली ती तडजोड एकतर्फी असते. समजा उजवा डोळा कायम पुढारी आणि डावा तिरळा. उजव्याने बघताना डाव्याचं चित्र कसं टाकायचं हे मेंदूला ठाऊक आहे. डाव्याने बघताना उजव्याचं चित्र टाकायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. आता लेझरनंतर डाव्या डोळ्याला उजव्यापेक्षा स्पष्ट दिसू लागलं, तर डावा पुढारी होतो, आणि तीस वर्षांत कधी न दिसलेली दोन-दोन चित्रं दिसू लागतात. मोठ्या माणसाचा मेंदू नवी तडजोड सहज शिकत नाही. उपाय अनेकदा गमतीशीर वाटेल असा असतो: पुन्हा चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लावून जुन्या पुढाऱ्याला त्याची खुर्ची परत द्यायची.

चाळिशीनंतर लेझर करणाऱ्यांना कधी कधी 'एक डोळा लांबचा, एक डोळा जवळचा' असा पर्याय सुचवतात, वाचायचाही चष्मा लागू नये म्हणून. ज्यांचे डोळे आयुष्यभर सरळ आहेत त्यांच्यातल्या अनेकांना तो मानवतो. पूर्वी तिरळेपणा असलेल्या किंवा छुपा तिरळेपणा ओढून धरणाऱ्या माणसाला मात्र तो महागात पडू शकतो, कारण वाचताना एक आणि लांब बघताना दुसरा, असा पुढारी दिवसभर बदलत राहतो. असा सल्ला मिळाला तर 'लहानपणी डोळा तिरळा होता' हे वाक्य तिथल्या तिथे बोलून टाका.

लेझर खरोखर उपकारक ठरतं असाही एक गट आहे. दोन डोळ्यांच्या नंबरात खूप फरक, समजा एक मायनस एक आणि दुसरा मायनस सहा. चष्म्यात दोन चित्रांचा आकारच वेगळा होतो, मेंदूला ती जुळवता येत नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स किंवा लेझरने हा फरक कमी होतो आणि डोळे एकत्र काम करायला सोपं जातं.

मग तपासायचं काय?

घरी आधी जुने अल्बम काढा. लहानपणीच्या फ्लॅशच्या फोटोत दोन्ही बाहुल्यांत प्रकाशाचा ठिपका एकाच जागी आहे का बघा. प्रत्येक फोटोत मान एकाच बाजूला कललेली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. काही प्रकारचा वर-खाली तिरळेपणा माणूस मान कलती ठेवून सांभाळतो. मग कुणाला तरी समोर बसवून वीस फुटांवरच्या एका वस्तूकडे बघायला सांगा. एक डोळा तळहाताने झाकला की उघडा डोळा जागचा हलतो का? हात काढला की झाकलेला डोळा सरकून जागेवर येतो का? चष्म्यासह एकदा, चष्म्याशिवाय एकदा. यावरून निदान करू नका. शंका आली तर सांगण्यापुरतं हे आहे.

डॉक्टरांकडे हीच झाकून बघायची तपासणी प्रिझमची पट्टी धरून होते आणि तिरळेपणा मोजला जातो, लांबचा वेगळा, जवळचा वेगळा. चार दिव्यांची तपासणी आणि खोली ओळखायची तपासणी यांतून दोन्ही डोळे खरोखर एकत्र काम करतात का ते कळतं. थेंब घालून नंबर काढणं तर हवंच. यातलं बरंचसं काम लाखोंच्या मशिनशिवाय होतं. लागतो तो वेळ आणि तिरळेपणाचा सराव असलेला माणूस. लेझर केंद्रात असा माणूस असेलच असं नाही. म्हणून तिरळेपणाच्या डॉक्टरांचं वेगळं मत घ्या. मोठ्या नेत्रसंस्थांत, उदाहरणार्थ हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, लहान मुलांचे डोळे आणि तिरळेपणा यांसाठी स्वतंत्र तज्ज्ञ असतात. मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागातही विचारता येतं, आणि तिथे खर्च फारसा येत नाही.

यानंतरची पायरी म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सची रंगीत तालीम. लेझरने जे साधायचं आहे तेवढ्याच नंबरची लेन्स लावून काही आठवडे नेहमीची कामं करायची. दुहेरी दिसलं, डोळा सरकला, डोकं दुखलं तर लेन्स काढून डबीत ठेवता येते. लेझर काढून ठेवता येत नाही. तालमीनंतर कॉर्नियाचा नकाशा काढायच्या आधी मात्र लेन्स काही दिवस, कडक लेन्स असेल तर काही आठवडे, बंद ठेवावी लागते, नाहीतर माप चुकतं.

तिरळेपणाचं ऑपरेशनही करायचं असेल तर आधी काय, हा प्रश्न येतो. नंबरामुळे तिरळेपणा बदलत असेल तर बरेच डॉक्टर आधी नंबराचा बंदोबस्त करतात आणि उरलेला तिरळेपणा स्थिर झाल्यावर मोजून स्नायूंचं ऑपरेशन करतात. काही जण उलट क्रमही घेतात. दोन्हींत काही महिन्यांचं अंतर हवं, कारण स्नायूंच्या ऑपरेशननंतर सिलिंडरचा नंबर थोडा हलू शकतो. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणं मात्र गरजेचं. आपल्याकडे ते क्वचित होतं, तेव्हा निरोप्याचं काम पेशंटनेच करावं.

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे भरतीसाठी चष्मा काढू पाहणारी मुलं इथे गल्लोगल्ली. त्यांना एवढंच सांगायचं: वैद्यकीय तपासणीत नंबर आणि तिरळेपणा या वेगवेगळ्या बाबी आहेत. नंबर गेला म्हणून तिरळेपणा माफ होत नाही. लेझर झालेलं चालतं का, किती महिन्यांपूर्वीचं चालतं, हे पदानुसार आणि दलानुसार वेगळं आहे. आधी जाहिरातीतले निकष वाचा, मग पैसे भरा. अठराच्या आत तर लेझरचा विषयच नाही, आणि अठरानंतरही निदान वर्षभर नंबर न हललेला हवा.

ज्यांना मोठेपणी अचानक दुहेरी दिसू लागलं किंवा डोळा फिरला, त्यांच्यासाठी हा लेख नाही. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, नसेची किंवा मेंदूची तक्रार, काहीही त्यामागे असू शकतं. पापणी पडली असेल, डोकं खूप दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

भाचीचं पुढे काय झालं? डॉक्टरांनी तिला आधी पूर्ण नंबरच्या लेन्स दिल्या, त्यांत डोळे सरळ राहिले. मग, लेझर मागे आलं तर काय होईल ते दाखवायला, मुद्दाम अडीचच्या दिल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून तिचा फोन, "मामा, स्क्रीनवर दोन कर्सर दिसतायत." लेझरचा विषय तिथेच संपला. केंद्राने आगाऊ रक्कम परत दिली नाही. नवा चष्मा साडेचारचा झाला, डोकेदुखी गेली, लग्नकार्यापुरत्या लेन्स आहेत.

मागच्या रविवारी एक स्थळ बघायला आलं तेव्हा ती चष्मा घालूनच बसली होती. मुलालाही चष्मा, मायनस सहाचा. जाता जाता त्याने मला बाजूला घेऊन लेझरबद्दल विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी येताना बालवाडीचा फोटो घेऊन या.